गाय आपली, कालवड आपली, मग वळू दुसऱ्यानं का ठरवायचा?

उद्या सकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्या पहिल्या दहा जणांना एक साधा प्रश्न विचारा. तुमच्या गाईला मागच्या माजाला कोणत्या वळूची कांडी भरली? बहुतेक जण सांगतील, "एचएफची." एखादा म्हणेल, "जर्सीची." वळू कोणता, त्याचा नंबर काय, त्याच्या लेकी कुणाच्या गोठ्यात आहेत, किती दूध देतात, यावर सगळे गप्प.

अहो, एचएफ ही जात झाली. वळू नव्हे. मुलीला स्थळ आलं आणि मध्यस्थानं एवढंच सांगितलं की "मुलगा सातारा जिल्ह्यातला आहे", तर आपण सुपारी फोडू का? घर बघू, शेत बघू, पोराची संगत बघू, चार पाहुण्यांना फोन करू. आणि ज्या कालवडीवर पुढची आठ-दहा वर्षं आपलं घर चालणार, तिच्या बापाबद्दल मात्र "एचएफची भरली" एवढ्यावर आपलं समाधान.

दूधदरासाठी आपण रस्त्यावर उतरतो. सरकी पेंडीच्या भावावर बोलतो, फॅटच्या कपातीवर भांडतो, अनुदान कुणाच्या खात्यावर आलं नाही याची यादी करतो. ते केलंच पाहिजे. पण गोठ्यातली पुढची पिढी कुणाच्या रक्ताची असावी, यावर एकाही सभेत एकाही माणसानं हात वर केल्याचं मी पाहिलेलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. संकरित गाईला कोणता वळू लावायचा हा निर्णय शेतकऱ्याचा आहे. तो गाय बघून घ्यायचा असतो. आणि त्यासाठी लागणारी माहिती पुरवणं हे दूध संघाचं आणि सरकारचं काम आहे. आज यातलं काहीच होत नाही. गाय माजावर येते, आपण फोन करतो, आणि रेतन करणाऱ्याच्या कंटेनरमध्ये त्या दिवशी जे शिल्लक असेल ते आपल्या गाईच्या पोटात जातं.

आधी वळू दिसायचा तरी

जुन्या काळी गावात देवाला सोडलेला पोळ असायचा, नाहीतर कुणा मोठ्या शेतकऱ्याकडे राखलेला वळू असायचा. त्याची उंची, खांदा, चाल, स्वभाव सगळं गाव बघायचं. त्याच्या कालवडी कुणाकडे व्यायल्या, कुणाची गाय लाथ मारते, कुणाची पान्हा चोरते, हे पारावर बसून कळायचं. ती पद्धत परत आणा असं मी म्हणत नाही. गावभर फिरणाऱ्या वळूमुळे सांसर्गिक गर्भपातासारखे रोग गोठ्यागोठ्यात पोचायचे. कृत्रिम रेतनानं ते संकट कमी केलं, शिवाय चांगल्या वळूचं रक्त गरिबाच्या गोठ्यापर्यंत नेलं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ सुरू केली, त्यानंतर या राज्यात संकरित गाय घराघरात पोचली. त्या कामाचं मोल कुणी नाकारू नये. माझ्या गोठ्यातल्या आठही गाई त्याच कामाच्या जोरावर उभ्या आहेत.

पण एक गोष्ट हरवली. वळू आता उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये, पाव मिलिलिटरच्या कांडीत बसलाय. तो दिसत नाही. त्याच्या लेकी कुठं आहेत ते माहीत नाही. दिसतो फक्त कांडीवर छापलेला नंबर, आणि ती कांडीसुद्धा रेतन झाल्यावर उकिरड्यात जाते. म्हणजे वळूची एकमेव ओळख आपण स्वतःच्या हातानं फेकतो.

टक्क्यांचं गणित, जे आपल्याला कुणी सांगितलं नाही

गावरान गाईला एचएफची कांडी भरली की कालवड ५० टक्के एचएफ. तिला परत शुद्ध एचएफ भरलं की ७५. तिच्या लेकीला परत तेच, ८७.५. पुढची ९३.७५. आपल्या भागात चार-पाच पिढ्या हेच चाललंय. प्रत्येक वेळी "एचएफच भरा, दूध वाढेल" असं आपणच म्हणत आलो.

आता यात खोच कुठं आहे ते बघा. पहिल्या संकरात जो जोम येतो, तो दोन वेगळ्या रक्तांच्या मिलनातून येतो. कपाशीचं किंवा बाजरीचं हायब्रीड पेरलं की पहिल्या वर्षी शेत कसं डोलतं आणि घरचं बी परत पेरलं की कसं उंच-बुटकं, मागं-पुढं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. गाईतही हाच नियम. पहिल्या संकरात जोम पूर्ण. ७५ टक्क्यांच्या कालवडीत तो निम्म्यावर येतो. ८७.५ ला पाव राहतो. बदल्यात एचएफचं दूध देण्याचं रक्त वाढतं, हे खरं. पण सोबत एचएफची भूकही वाढते, उन्हाची असोशी वाढते, गोचिडाचा ताप वाढतो, माज मुका होतो.

पशुपैदासशास्त्राची माणसं कित्येक दशकं सांगतायत की परदेशी रक्त साधारण ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, चारा-पाणी-सावली उत्तम असेल तिथं ७५ पर्यंत जा. ज्याच्याकडे फॉगर आहेत, मूरघासाचा बंकर आहे, जो संतुलित आहार तोलून घालतो, त्यानं वरच्या टक्क्यांची गाय जरूर पाळावी. पण पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मेमध्ये जीभ बाहेर काढून धापा टाकणारी गाय तुमच्याकडे असेल, ती तीन-तीन वेळा उलटत असेल, तर दोष प्रत्येक वेळी डॉक्टरचा नसतो. ती गाय आपल्या गोठ्यासाठी बनलेली नाही. आणि तिला परत शुद्ध एचएफ भरणं म्हणजे तिच्या लेकीची अडचण आजच ठरवून ठेवणं.

बाप लेकीवर

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. रेतन करणाऱ्याकडे कंटेनर छोटा, त्यात दोन-तीन वळूंच्या कांड्या. नवा माल येईपर्यंत त्याच वळूवर गाव चालतं. मधे काही काळ दुसरा वळू, मग परत तोच लॉट. नोंद कुणाकडे नाही. अशा वेळी ज्या वळूची कालवड तुमच्या दावणीला आहे, त्याच वळूची कांडी त्या कालवडीला भरली जाणं सहज शक्य आहे. म्हणजे बाप लेकीवर. होणाऱ्या वासरात रक्तसंकोचाचं प्रमाण २५ टक्के. एकाच वळूची पोरं, सावत्र बहीण-भाऊ एकत्र आले तर १२.५ टक्के.

माणसात आपण गोत्र बघतो, देवक बघतो. गाईत का नको? रक्त जवळचं झालं की वासरं कमजोर निघतात, गाभ राहत नाही, वाढ खुंटते, दूध घटतं. हे एका दिवसात दिसत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. "हल्लीच्या कालवडी पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत" असं आपण म्हणतो आणि पेंडीच्या कंपनीला शिव्या घालून मोकळे होतो.

आईच्या दुधाचं पोस्टर

आता जरा महागड्या कांड्यांबद्दल. कृषी प्रदर्शनात चकचकीत पोस्टर लागतं. देखणा वळू, खाली त्याच्या आईच्या दुधाचा पाच आकडी आकडा. आपण डोळे विस्फारतो आणि कांड्या घेतो.

पहिला प्रश्न विचारा: हे दूध कुठल्या हवेत, कुठल्या खुराकावर दिलेलं? थंड हवेतल्या, मक्याचा मूरघास आणि तोललेला खुराक खाणाऱ्या गाईचा आकडा आपल्या कडवळावर आणि उसाच्या वाढ्यावर कसा उतरेल? दुसरा प्रश्न: वळूला आईचं निम्मं रक्त मिळतं, पण कुठलं निम्मं? दोन सख्खे भाऊ एकाच आईचे असून एक पैलवान आणि एक अशक्त निघतो, हे आपण घरोघरी बघतो. वळूची खरी परीक्षा त्याच्या आईत नसते, लेकींत असते. एका लेकीतही नाही. वेगवेगळ्या गोठ्यांत, वेगवेगळ्या हातांखाली वाढलेल्या पुष्कळ लेकींचं दूध मोजून सरासरी काढली की मग कळतं, हा वळू काय देतो. यालाच संतती चाचणी म्हणतात.

याला वेळ लागतो. आज कांडी भरली, नऊ महिन्यांनी कालवड, ती व्यायला आणखी दोन-अडीच वर्षं, मग तिचं वेत मोजायचं. म्हणूनच हे काम एकट्या शेतकऱ्याचं नाही, संस्थेचं आहे. आता त्याला जोड म्हणून रक्ताच्या चाचणीवरून वळू कोवळा असतानाच त्याचा अंदाज बांधण्याचं तंत्र आलंय. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी आपल्याच वाशिममध्ये गाईंसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' देशाला अर्पण केली, ती याचसाठी. पण चिपलाही आधार लागतो तो मोजलेल्या दुधाचाच. गावात गाईंचं दूध मोजलंच जात नसेल तर चिप तरी अंदाज कशावरून बांधणार?

"सगळं खुराकावर असतं, रक्ताचं काय घेऊन बसलात?"

हे मला नेहमी ऐकवलं जातं. यात तथ्य आहे. दोन गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश भाग रक्ताचा, बाकी सगळा चारा, पाणी, निगा यांचा. पण खुराकाचे पैसे रोज मोजावे लागतात. रक्ताचे पैसे एकदाच लागतात, आणि ते लेकीत, नातीत पुढं चालत राहतं.

हिशोब मांडून बघा. चांगल्या वळूच्या लेकीनं दिवसाला फक्त दोन लिटर जास्त दिले, वेत ३०० दिवसांचं आणि दर ३० रुपये धरला, तर एका वेतात १८,००० रुपये. चार वेतांत ७२,०००. त्यातून जास्तीच्या चाऱ्याचा खर्च वजा करा, तरी कांडीची किंमत यात कुठं दिसते का? आणि आपण घासाघीस कुठं करतो, तर कांडीच्या शे-दोनशे रुपयांवर. फॅटचंही तेच. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा आपल्या गाईच्या दुधाचा पाया. त्याच्या खाली घसरलं की पॉइंटमागे कपात. वळू निवडताना लेकींच्या दुधाचं फॅट विचारणारा शेतकरी मला अजून भेटायचाय.

"मग संकरित सोडा, गीर आणा"

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत. त्यांच्या मते सगळा रोग संकराचा आहे, सगळ्यांनी देशी गाय पाळावी. देशी गाय जपलीच पाहिजे. खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, कोकण कपिला ही आपली रत्नं आहेत, आणि त्यांना परदेशी कांडी भरणं हा मी गुन्हाच समजतो. शुद्ध खिलारला खिलारच भरा. पण ज्याच्या पोरांची फी, सोसायटीचं कर्ज आणि किराणा दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारावर चालतो, त्याला "उद्यापासून संकरित विका" म्हणणारा माणूस स्वतः दुधावर जगत नसतो. देशात २०१९ च्या पशुगणनेत पाच कोटींहून जास्त संकरित आणि परदेशी गाई मोजल्या गेल्या. त्या उद्या गायब होणार नाहीत. प्रश्न त्यांना पुढं कसं न्यायचं हा आहे.

मग निवड करायची कशी?

अमेरिकेत मांसासाठी गाई पाळणारे शेतकरी आहेत. धर्म वेगळा, बाजार वेगळा, त्यांचं सगळं आपल्याला लागू नाही. पण हेरफोर्ड आणि अँगसच्या संकरित गाईला वळू निवडताना तो शेतकरी सगळ्यात आधी एक प्रश्न स्वतःला विचारतो: या गाईची कालवड मला गोठ्यात ठेवायचीय, की सगळी वासरं विकायचीत? ठेवायची असेल तर वळू वेगळा, विकायची असतील तर वेगळा. मग तो वळूंचं पुस्तक उघडतो. प्रत्येक वळूपुढं आकडे असतात: वासराचं जन्माचं वजन किती, वेत सोपं जाईल का, लेकी किती दूध देतील. आणि प्रत्येक आकडा किती भरवशाचा आहे, तेही शेजारी छापलेलं असतं. दूध न विकणारा शेतकरी लेकींचं दूध बघतो, आणि आपण दुधावर जगणारे बघत नाही!

तोच प्रश्न आपल्या गोठ्यात उभा करू. दावणीपाशी जा आणि एकेका गाईसमोर उभं राहून विचारा, हिची लेक मला हवीय का? हा प्रश्न घरातल्या बायकांना विचारलात तर जास्त खरं उत्तर मिळेल. धार त्या काढतात. कुठली गाय शांत आहे, कुणाची कास लोंबलीय, कुणाला वरचेवर दगडी होते, कुणाचा माज मुका असतो, हे कार्डावर नाव असलेल्या कारभाऱ्यापेक्षा वहिनींना जास्त माहीत असतं.

उत्तराप्रमाणे वाटा अशा:

१) पहिलारू कालवड असेल, अंगानं लहान असेल, तर सगळ्यात आधी वेत सोपं जाईल असा वळू. जर्सीचं वासरू एचएफच्या वासरापेक्षा बरंच लहान जन्मतं. जर्सीच्या संकरातल्या छोट्या कालवडीला थोराड एचएफ भरलं आणि ती अडली, तर वासरू जातं, कधी गाय जाते, आणि वाचली तरी वार अडकून पुढचे सहा महिने वाया. कांडी स्वस्त होती की महाग, हे त्या रात्री कुणाला आठवत नाही.

२) निम्म्या रक्ताची, उन्हाळा सोसणारी, वेळेवर गाभ राहणारी चांगली गाय असेल, तर लेकींच्या दुधाची नोंद असलेला एचएफ वळू चालेल. नाहीतर निवडक संकरित वळू. संकरित वळूनं रक्ताची पातळी ५० च्या आसपास टिकते. पहिल्या संकराचा पूर्ण जोम त्यातही राहत नाही, हे मान्य. पण टक्के चढत जाण्याला लगाम बसतो.

३) ७५ च्या वर गेलेली, धापा टाकणारी, उलटणारी गाय असेल तर शुद्ध एचएफ बंद. ७५ टक्क्यांच्या गाईला ५० टक्क्यांचा संकरित वळू लावला की लेक ६२.५ वर येते. जर्सी लावली तर फॅट सुधारतं, अंग आटोपशीर होतं. ८७.५ च्या गाईला गीर किंवा साहिवाल लावली तर लेक ४३.७५ वर उतरते. काटकपणा येईल, पण दूध कमी होईल, हे आधीच समजून घ्या. गीरची कांडी भरून एचएफच्या दुधाची अपेक्षा करू नका.

४) जिची लेक नकोच आहे, अशा गाईला महागडी लिंग-वर्गीकृत कांडी घालू नका. त्या कांडीनं शंभरात सुमारे नव्वद वेळा कालवड होते, पण गाभ राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा थोडं कमी असतं. ती वापरायची चांगल्या आईच्या तरुण कालवडीला, स्वच्छ बळस आणि पक्का माज बघून. वाईट आईला, अनोळखी वळूची अशी कांडी भरली तर काय मिळेल? खात्रीनं कालवड, आणि खात्रीनं वाईट कालवड.

गोऱ्ह्याचं काय?

हा विषय सगळे टाळतात. मी टाळणार नाही. गाईची कत्तल राज्यात १९७६ च्या कायद्यानं बंद होती, २०१५ पासून बैल आणि वळूंचीही बंद झाली. कायद्याच्या बाजूनं किंवा विरोधात मला इथं वाद घालायचा नाही. गोठ्यातली वस्तुस्थिती एवढीच की संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसल्यात जमा, जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही, आणि ट्रॅक्टर आल्यावर बैलच कमी झालेत. त्याला गिऱ्हाईक नाही. मग तो दुधाविना मरतो, नाहीतर रात्री कुणीतरी महामार्गाच्या कडेला सोडून जातो. भाकड गाईचीही तीच गत.

परदेशातला शेतकरी नको असलेल्या गाईला मांसाच्या जातीचा वळू लावून तिची वासरं विकतो. आपल्याला ती वाट नाही. म्हणूनच आपल्याकडे चुकीच्या वळूची किंमत जास्त आहे. चुकीचा वळू निवडला गेला तर ते जनावर विकून मोकळं होता येत नाही, ते वर्षानुवर्षं दावणीला उभं राहून खातं. जिथं चूक विकता येत नाही, तिथं निवड काटेकोर हवी. आणि आपल्याकडे नेमकी निवडच नाही!

हे होऊ शकतं का? होतंय

केरळात १९६३ साली स्वित्झर्लंडच्या मदतीनं माडुपेट्टीला प्रकल्प सुरू झाला. ब्राऊन स्विस आणि स्थानिक गाईंच्या संकरातून त्यांनी 'सुनंदिनी' उभी केली, आणि संकरित वळूंचीच संतती चाचणी घेतली. शेतकऱ्यांच्या गोठ्यात जाऊन लेकींचं दूध मोजलं, त्यावरून वळू ठरवले. एक-दोन गाई पाळणाऱ्या माणसांच्या दारात हे झालं. केरळचा शेतकरी काही आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हता.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठानं 'फुले त्रिवेणी' तयार केली. निम्मं एचएफ, पाव जर्सी, पाव गीर. म्हणजे तीन रक्तं मोजून-मापून एकत्र आणायची अक्कल इथल्याच मातीत होती. विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर, आपल्या गोठ्यात, त्याच तीन जातींच्या कांड्या कुठल्याही हिशोबाशिवाय भरल्या जातायत.

कायदाही आहे. गोजातीय प्रजननाचं नियमन करणारा कायदा राज्यात २०२३ मध्ये झाला. रेत तयार करणारे, साठवणारे, विकणारे आणि भरणारे यांची नोंदणी, हा त्याचा गाभा. जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे. रेतनाची नोंद 'भारत पशुधन' प्रणालीवर करायची सोय आहे. सगळे धागे तयार आहेत. फक्त बिल्ला, वळूचा नंबर आणि लेकीचं दूध हे तीन धागे कुणी एकत्र बांधत नाही, आणि बांधलेले असले तरी त्याचं उत्तर गोठ्यापर्यंत परत येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो. रेतन करणाऱ्या पोरावर माझा राग नाही. पावसात मोटरसायकलला कंटेनर बांधून तो वस्तीवर येतो, नायट्रोजन वेळेवर मिळत नाही, गाय उलटली की आपण त्याच्यावरच ओरडतो. त्याला जे दिलं जातं तेच तो भरणार. भांडायचं असेल तर त्याच्या कंटेनरमध्ये काय भरायचं हे जे ठरवतात, त्यांच्याशी भांडा.

मागणी काय करायची?

दूध सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. अहवाल वाचून, चहा पिऊन, मंजूर-मंजूर म्हणून उठू नका. एवढे ठराव मांडा:

पहिला. प्रत्येक रेतनाला लेखी पावती: गाईचा बिल्ला नंबर, वळूचा नंबर, जात, परदेशी रक्ताचं प्रमाण, रेत केंद्राचं नाव, तारीख. तोपर्यंत कांडीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरा. संकलन केंद्राच्या भिंतीवर वळूंचा तक्ता. लेकींचं दूध किती, फॅट किती, वेत सोपं की अवघड. आकडा नसेल तर "नोंद नाही" असं लिहा. लपवू नका.

तिसरा. गावात एक वळू सलग दोन वर्षांपेक्षा जास्त वापरायचा नाही, आणि आधीच्या वळूंची यादी जपायची, म्हणजे बाप लेकीवर जाणार नाही.

चौथा. महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गाईचं वेगळं दूध मोजायचं. संकलन केंद्रावर सभासदाचं दूध मोजतात, गाईचं नाही. गावातल्याच शिकलेल्या मुलीला या कामाला नेमा, मानधन संघानं द्यावं. आपल्या दुधातून लिटरमागे कसल्या कसल्या नावानं पैसे कापले जातात, त्यात हे एक काम बसायला हरकत नाही.

पाचवा, सरकारसाठी. महाराष्ट्राच्या हवेत, महाराष्ट्राच्या गोठ्यात लेकी मोजलेल्या संकरित वळूंची यादी मराठीत, विभागवार, दरवर्षी प्रसिद्ध करा. २०२३ चा कायदा नोंदणीचे दाखले वाटून संपणार असेल तर त्याचा आम्हाला काय उपयोग? दाखल्यासोबत वळूचा हिशोबही मागा.

अध्यक्ष म्हणतील, "हे तांत्रिक आहे, पुढच्या वेळी बघू." तेव्हा त्यांना विचारा, फॅट मोजायचं मशीन तांत्रिक नव्हतं का? आमच्या दुधाचा पॉइंट न पॉइंट तुम्ही रोज दोनदा मोजता. मग आम्हाला दिलेल्या वळूचं मोजमाप आम्ही एकदाही मागायचं नाही, हा कुठला न्याय?

या आठवड्यात तुमच्या गोठ्यात जी गाय माजावर येईल, तिच्यापासून सुरू करा. कांडी भरण्याआधी वळूचा नंबर विचारा आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. तीन वर्षांनी तिची कालवड व्यायली की त्या नंबराचं उत्तर बादलीत दिसेल. उत्तर आवडलं नाही तर निदान कुणाला जाब विचारायचा, हे तरी माहीत असेल.

तुमच्या गावात वळूचा नंबर मिळतो की नाही, तेवढं खाली लिहा. आणि पोस्ट पटली असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका, संचालकांसकट.